पंचवीसची गोळी, तीही एक दिवसाआड

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमचे प्रश्न कळले. दुसऱ्या वाचनात, तुम्ही जाता जाता लिहिलेली एक ओळ खटकली आणि मी तिथेच थांबले. उत्तराची सुरुवात त्या ओळीपासूनच करते, पण इतर वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते.

तुमची लेक २३ वर्षांची. सोळाव्या वर्षी फिट सुरू झाल्या. त्याआधी काही महिने सकाळी चहा घेताना हात झटकन उडायचा, कप खाली पडायचा आणि घरात ‘धांदरट’ म्हणून तिला बोलणी बसायची. मग निदान झालं, सोडियम व्हॅलप्रोएट ५०० मिलिग्रॅम सकाळ-रात्र सुरू झालं आणि गेली दोन वर्षं एकही फिट नव्हती. आता वैशाखात लग्न ठरलंय. ते ऐकून न्यूरोलॉजिस्टनी लॅमोट्रिजीन नावाची नवी गोळी सुरू केली, २५ मिलिग्रॅमची, एक दिवसाआड. नवव्या दिवशी, मावसबहिणीच्या हळदीचं जागरण झाल्यावर, भल्या सकाळी तिला फिट आली. तुम्ही विचारता, ‘शेजारचा मुलगा हीच गोळी रोज २०० ची घेतो. त्याला सुरुवातच ५० ने केली होती. आमच्या हिला २५, तीही एक दिवसाआड. एवढ्याशाने काय होणार? लग्न तोंडावर आलंय, रोज दोन-दोन द्यायला लागू का?’

नाही ताई. एकही गोळी जास्त देऊ नका.

आता ती ओळ. ‘नवी गोळी आल्यापासून सकाळची जुनी तिने बंद केली आहे, रात्रीची तेवढी घेते, पोटात एवढ्या गोळ्यांचा भार नको म्हणून.’ फिट का आली याचं उत्तर मला या ओळीत दिसतं. नव्या विहिरीला पाणी लागायच्या आधीच तुम्ही जुनी अर्धी बुजवलीत. लॅमोट्रिजीनचा आत्ताचा डोस फिट थांबवण्यासाठी दिलेलाच नाही. तो अंगाला औषधाची ओळख व्हावी म्हणून दिलाय. हे काही आठवडे तिला सांभाळायचं काम जुन्या व्हॅलप्रोएटचंच आहे, आणि तेच निम्म्यावर आलं. त्यावर रात्रभराचं जागरण. तुमच्या लेकीच्या फिटचा जो प्रकार आहे, जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, त्यात झोपमोड आणि पहाटे-सकाळी उठल्यानंतरची वेळ हे दोन जुने वैरी आहेत. यात नव्या गोळीचा दोष नाही आणि डॉक्टरांचाही नाही. तुमच्या लेकीलाही रागावू नका. ‘दोन्ही गोळ्या चालू ठेवायच्या’ हे वाक्य चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, पण तोंडी कोणी दोनदा सांगत नाही. आम्ही डॉक्टर मंडळी इथे कमी पडतो, हे मी माझ्या ओपीडीतही पाहते.

तेव्हा आजच डॉक्टरांना फोन करा आणि दोन गोष्टी सांगा: फिट आली, आणि सकाळची व्हॅलप्रोएट इतके दिवस चुकली. लपवू नका. हे कळलं नाही तर, ‘गोळी चालू असूनही फिट आली’ असं समजून ते दुसरंच काही वाढवतील. सकाळची गोळी पुन्हा सुरू करायला ते सांगतीलच, पण त्यांना ठाऊक असायला हवं, कारण व्हॅलप्रोएटचं प्रमाण बदललं की लॅमोट्रिजीनचंही अंगातलं प्रमाण बदलतं. ते कसं, हे कळलं की शेजारच्या मुलाचं कोडंही सुटेल.

लॅमोट्रिजीन अंगाबाहेर टाकायचं काम यकृत करतं. यकृत त्या औषधाला एक शेपटी जोडतं आणि मग ते लघवीवाटे निघून जातं. एकट्या लॅमोट्रिजीनचा रक्तातला साठा निम्मा व्हायला साधारण २५ ते ३० तास लागतात. सोबत व्हॅलप्रोएट असेल तर ते यकृताचा हा हातच धरून ठेवतं. मग त्याच कामाला ६० ते ७० तास लागतात, दुपटीहून जास्त. म्हणजे तुमच्या लेकीने घेतलेली एक गोळी तिच्या अंगात दोन गोळ्यांसारखी वागते. शेजारचा मुलगा, तुम्हीच लिहिलंय, एप्टॉइनही घेतो. एप्टॉइन म्हणजे फेनिटॉईन. त्याचं काम नेमकं उलटं: ते यकृताला कामाला जुंपतं आणि लॅमोट्रिजीन १४ तासांच्या आसपास निम्मी होते. म्हणून त्याची सुरुवात रोज ५० ने, एकट्या लॅमोट्रिजीनवर असणाऱ्याची रोज २५ ने आणि तुमच्या लेकीची २५ ने एक दिवसाआड. तिघांच्या चिठ्ठ्या वेगळ्या दिसतात, पण तिघांच्या रक्तातला आकडा जवळपास सारखाच राहावा म्हणून त्या तशा लिहिलेल्या असतात. गोळीवरचा आकडा पाहून एकाच्या औषधाची दुसऱ्याशी तुलना करू नये ती याचमुळे.

पण मुळात एवढं हळू का? त्वचेसाठी.

लॅमोट्रिजीन घेणाऱ्या शंभरातल्या साधारण दहा जणांना अंगावर पुरळ येतं. बहुतेकांचं साधं असतं आणि आपोआप जातं. मात्र काही थोड्यांना, मोठ्या माणसांत हजारी एक ते तीन आणि लहान मुलांत हजारी तीन ते आठ, फार गंभीर पुरळ येऊ शकतं. त्याच्या एका प्रकाराला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. तोंडात, डोळ्यांत, लघवीच्या जागी फोड येतात आणि कातडी भाजल्यासारखी सुटते. हा धोका तीन गोष्टींनी वाढतो: सोबत व्हॅलप्रोएट असणं, सुरुवातच मोठ्या डोसने होणं आणि डोस भरभर चढवणं. तुमच्या लेकीकडे पहिली गोष्ट आधीच आहे. रोज दोन गोळ्या दिल्यात तर उरलेल्या दोन्ही तुम्ही स्वतःच्या हाताने आणाल. हे औषध नवं असताना ते आजच्यापेक्षा मोठ्या डोसने सुरू केलं जायचं आणि पुरळही जास्त दिसायचं. सावकाश चढवायला लागल्यावर ते कमी झालं. आज डॉक्टर पाळतात ते वेळापत्रक त्या अनुभवातून आलंय.

मी निवासी डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट. एका सरकारी रुग्णालयात नऊ वर्षांचा मुलगा दाखल झाला होता. व्हॅलप्रोएट चालू होतं, त्यावर लॅमोट्रिजीन सुरू केलेली. आठवडा झाला तरी गुण नाही म्हणून वडिलांनी डोस दुप्पट केला, मग तिप्पट. पोटच्या पोरासाठीच केलं त्यांनी. तिसऱ्या आठवड्यात ताप आला, घसा दुखायला लागला, डोळे लाल झाले. गावात त्याला तापाचं औषध मिळालं आणि लॅमोट्रिजीन चालूच राहिली. आमच्याकडे आला तेव्हा ओठांवर काळ्या खपल्या होत्या, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. आई कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाणी ओठांच्या फटीत सोडायची आणि वडील खाटेच्या पायथ्याशी हातात त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं धरून बसलेले असायचे. मुलगा वाचला, पण डोळ्यांचा कोरडेपणा कायमचा राहिला. त्या वडिलांना कुणीतरी वेळेवर एवढंच सांगायला हवं होतं की पहिल्या आठवड्यात गुण दिसणार नाही, दिसणं अपेक्षितही नाही. म्हणून तुम्हाला एवढं खोलात जाऊन सांगतेय.

आता पुढची वाट कशी असते ते सांगते, म्हणजे तुमच्या हातातली चिठ्ठी नीट वाचता येईल. यावरून स्वतः डोस ठरवायचा नाही. व्हॅलप्रोएट सोबत असताना पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम एक दिवसाआड, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रोज २५ आणि त्यापुढे दर एक-दोन आठवड्यांनी २५ ते ५० ची भर. असं करत रोज १०० ते २०० पर्यंत जायचं. पायऱ्या आठवड्या-दोन आठवड्यांच्या का, तर तिच्या अंगात औषधाची पातळी स्थिरावायलाच दोन आठवडे लागतात. एका पायरीवर पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. म्हणजे पुरेशा डोसला पोचायलाच दोन-तीन महिने. त्यानंतर व्हॅलप्रोएट हळूहळू उतरवायला सुरुवात. ते उतरू लागलं की यकृताचा धरलेला हात सुटतो आणि लॅमोट्रिजीनची पातळी आपोआप घसरते. त्या वेळी डॉक्टर तिचा डोस वाढवतील. तेव्हा घाबरू नका, तो ठरल्या हिशोबाचाच भाग असतो. सगळं मिळून पाच-सहा महिने किंवा जास्तही लागू शकतात. वैशाखाच्या मुहूर्तापर्यंत हे पूर्ण होईलच असं धरून चालू नका आणि मुहूर्तासाठी घाईही करू नका. लग्नाच्या दिवशी तिच्या पर्समध्ये दोन्ही औषधं असली तरी काही बिघडत नाही.

एक दिवसाआडची गोळी चुकते फार. बरेच जण विषम तारखा धरतात, पण ३१ तारखेनंतर १ तारीख येते आणि लागोपाठ दोन दिवस गोळी जाते. त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतो तशा खुणा करा. गोळी घ्यायच्या दिवशी आधीच गोल काढून ठेवा, घेतली की त्यावर फुली. उपवासालाही गोळी चालते. मार्गशीर्षातल्या गुरुवारांत ती चुकवतात म्हणून मुद्दाम सांगते. एखादी राहिली तर राहू द्या, पुढची ठरल्या वेळी घ्या, दोन एकदम नकोत. पण लॅमोट्रिजीन सलग चार-पाच दिवस राहिली तर जिथे थांबलात तिथून स्वतः सुरू करू नका. आधी डॉक्टरांना विचारा, कारण मोठा खंड पडला की पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं. दोन-तीन महिन्यांनी १०० वर पोचलेली मुलगी गावी गेली, दोन आठवडे गोळ्या संपल्या आणि आल्यावर थेट १०० सुरू केली, तर ती पहिल्याच दिवशी १०० घेतल्यासारखंच होतं.

औषधांच्या दुकानात पाकिटावरचं नाव अक्षर अक्षर वाचा. लॅमोट्रिजीन आणि लॅमिव्हुडिन यांची गल्लत झाल्याच्या नोंदी आहेत, आणि लॅमिव्हुडिन हे एचआयव्हीवरचं औषध. तसंच २५ आणि १०० ची पाकिटं एकाच कंपनीची असली की सारखी दिसतात. आकडा बघूनच घ्या.

आता पुरळाकडे कसं बघायचं ते. जास्तीत जास्त काळजीचा काळ दुसऱ्या ते आठव्या आठवड्यातला. रोज आंघोळीनंतर तिने स्वतःचे हात, छाती, पाठ बघावी, पाठ तुम्ही बघा. पुरळ दिसलं की फोनवर फोटो काढा आणि पुढची लॅमोट्रिजीन घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत ताप, घसादुखी, तोंड येणं, डोळे लाल होणं, चेहरा सुजणं, गळ्याशी गाठी येणं किंवा त्वचा दुखणं यातलं काहीही असेल तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्या. लॅमोट्रिजीन थांबवायची वेळ आली तरी व्हॅलप्रोएट डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायचं नाही. ते एकदम बंद झालं तर फिट थांबता थांबत नाहीत.

याच महिन्यांत तुमच्या घरी लग्नाची तयारी. पार्लरवाली नवा फेशियल सुचवेल, ब्लीच करू म्हणेल, कुणी घरचं उटणं देईल, कुणी काळी मेंदी. पहिले दोन महिने नव्या वस्तू अंगाला लावू नका. त्या वाईट असतात असं नाही. पण उद्या पुरळ आलं तर ते उटण्याने की गोळीने, हे कुणालाच सांगता येणार नाही आणि चांगलं चाललेलं औषध संशयावरून बंद करावं लागेल. वापरातला साबण, वापरातलं तेल चालू राहू दे.

लग्न आणि हे औषध यांचा आणखी एक धागा आहे. मुहूर्ताच्या किंवा सत्यनारायणाच्या वेळी अडचण नको म्हणून घरातल्या बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सहज आणून देतात. लग्नानंतर काही दिवस मूल नको म्हणून रोजच्या गोळ्या सुरू होतात. यातल्या ज्या गोळ्यांत इस्ट्रोजन असतं त्या लॅमोट्रिजीनची पातळी जवळपास निम्म्यावर आणतात. मुलगी नेमाने औषध घेत असते आणि तरी फिट येते, कुणाला कारण कळत नाही. तेव्हा कुठलीही हार्मोनची गोळी न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय घेऊ नका. तांबीसारखे पर्याय आहेत, त्याविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवा. व्हॅलप्रोएट पूर्ण सुटेपर्यंत दिवस जाऊ नयेत, हे तर जावयालाही स्पष्ट माहीत हवं.

कारण तुमच्या डॉक्टरांनी हा सगळा खटाटोप मांडलाय तो त्यासाठीच. व्हॅलप्रोएट हे या प्रकारच्या फिटवरचं सगळ्यात जोरदार औषध, यात शंका नाही. पण गरोदरपणात ते चालू असेल तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळतं, आणि शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांची बोलणं, शिकणं, समजणं यातली वाढ मागे पडते. एरवी कुठल्याही गरोदरपणात व्यंगाचं प्रमाण शंभरात दोन-तीन असतं, लॅमोट्रिजीनवर ते त्याच्या आसपासच राहतं. इतकी वर्षं आमच्यातले अनेक जण दिवस गेल्यावर जागे होत. तुमच्या डॉक्टरांनी लग्न ठरल्याबरोबर हालचाल केली, हे मला फार मोलाचं वाटतं. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू केली नसेल तर त्याबद्दलही विचारा. एक मात्र लक्षात ठेवा: काही जणांना लॅमोट्रिजीनने सकाळचे हात उडणे वाढतात. तसं दिसलं तर दुसरे पर्याय आहेत, फक्त डॉक्टरांना ते कळायला हवं.

झोपेचं मी वर म्हटलंच. केळवणं, खरेदी, हळद, मेंदी, पहाटेचा मुहूर्त. तिची सात-आठ तासांची झोप या यादीत सगळ्यांच्या वर लिहा. नातेवाईक नावं ठेवतील, ठेवू द्या.

परत फिट आलीच तर तिला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचं सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाणी पाजू नका. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर रुग्णालयात न्या. फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा घरात ठेवायचा का आणि किती मारायचा, हे या भेटीतच विचारून घ्या.

शेवटी तुम्ही दबक्या आवाजात विचारलेला प्रश्न: सासरी सांगायचं का? ताई, लग्नाआधीच सांगा. स्वतः सांगा, लेकीला सोबत बसवून. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा, म्हणजे या फिटच्या आजाराचा, उल्लेख लग्नाच्या आड येणारी गोष्ट म्हणून होता. तो त्या वर्षी दुरुस्ती करून काढून टाकला. कायद्याने जे ओझं उतरवलं ते घराने पुन्हा डोक्यावर घ्यायचं कारण नाही. आणि मला यात काळजी गोळ्यांची आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी नव्या सुना गोळ्या साडीच्या घडीत लपवतात. पाहुणे बसलेले असतात, खोलीत जाता येत नाही, गोळी चुकते. लॅमोट्रिजीनचा काही दिवसांचा खंड म्हणजे काय, हे तुम्हाला आता माहीत आहे. ज्या घरात गोळीचा डबा उघड्यावर ठेवता येतो त्या घरातच ही पायरी-पायरीची वाट नीट चालता येईल. बोलायला बळ हवं असेल तर पुण्यातल्या संवेदना फाउंडेशनसारखे अपस्मार असलेल्यांचे स्वमदत गट आहेत. तिथे याच वाटेने गेलेल्या मुली आणि त्यांच्या आया भेटतील.

आता पत्र बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन लावा. समोर चिठ्ठी, दोन्ही गोळ्यांची पाकिटं आणि कालनिर्णय असू द्या. फिट कोणत्या तारखेला, किती वाजता आली, किती मिनिटं चालली, सकाळची गोळी कधीपासून बंद आहे, गेल्या दोन आठवड्यांत चहाचा कप हातातून कधी उडाला का, हे सगळं ते विचारतील. कपाचं तुम्हाला ठाऊक नसेल तर फोन लावायच्या आधी लेकीला विचारा. सोळाव्या वर्षी बोलणी बसली होती, त्यामुळे ती आपणहून सांगणार नाही.